गोळीने जळजळ थांबली, घशाशी येणं थांबलं नाही

पित्ताची गोळी सुरू झाली आणि छातीतली जळजळ बऱ्यापैकी उतरली, पण घशाशी येणं काही थांबलं नाही. जेवणानंतर खाली पडलेलं काही उचलायला वाकले, की पोटातलं पाणी सरळ घशापर्यंत यायचं. गोळीआधी ते इतकं आंबट असायचं की दात आंबायचे. आता आंबटपणा गेला होता, पाणी मात्र तसंच येत होतं. रात्री झोपेत ठसका लागून उठून बसावं लागायचं आणि सकाळी आवाज बसलेला असायचा. डॉक्टरांनी डोस वाढवला, मग सकाळ-संध्याकाळ विभागून दिला, जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगितला. मी घड्याळ लावून सगळं पाळलं. जळजळ आणखी कमी झाली. वर येणं जिथल्या तिथे.

एंडोस्कोपीत अन्ननलिका स्वच्छ निघाली. जखम नाही, सूज नाही, फक्त एक लहानसा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. "रिपोर्ट तर चांगला आहे," असं ज्याने त्याने ऐकवलं, आणि ते ऐकून मला बरं वाटण्याऐवजी जिवाची घालमेल व्हायची, कारण त्रास तर रोजचा होता. पोटविकारतज्ज्ञांनी मात्र पहिल्याच भेटीत नीट उलगडून सांगितलं. रिफ्लक्सचा, म्हणजे पोटातलं अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास असलेल्या बऱ्याच लोकांची एंडोस्कोपी अशीच साफ येते. दुर्बिणीतून अस्तर दिसतं, अन्ननलिकेचे स्नायू कसे काम करतात ते दिसत नाही. आणि गोळी ॲसिड कमी करते, वर येणं कमी करत नाही. जठराच्या पेशींमध्ये ॲसिड सोडणारे पंप असतात, जेवणाच्या वेळी ते कामाला लागतात, आणि गोळी नेमके हे चालू झालेले पंप बंद पाडते. म्हणूनच ती जेवणाआधी घ्यायची. पण पोटातलं पाणी वर येऊ न देणं आणि आलं तर ते परत खाली ढकलणं ही स्नायूंची कामं आहेत. त्यांना या गोळीचा काही उपयोग नाही.

इतका काळ मी ॲसिडशीच झगडत होते. या आजारात हालचालीचाही भाग आहे, हे मला तेव्हा कळलं, आणि पुढच्या तपासण्यांचं कारणही त्यातच होतं.

ऑपरेशनचा विषय निघाला होता. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून तिथल्या झडपेला आधार देतात, त्याला फंडोप्लिकेशन म्हणतात. ती गुंडाळी पूर्ण 360 अंशांची असते किंवा अर्धवट, म्हणजे 270 अंशांसारखी. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या अन्ननलिकेला खाली ढकलायचा जोर किती आहे हे बघितल्याशिवाय मी कोणालाही तुमच्या झडपेला हात लावू देणार नाही." जोरच नसेल आणि झडप घट्ट केली, तर घास वरच अडकून बसतो. दुसरं कारण त्याहून गंभीर होतं. अकलेशिया नावाच्या आजारात झडप उघडतच नाही, अन्न वर साठून राहतं, आंबतं, आणि पेशंट छातीत जळजळ होते म्हणून सांगतो. त्याला रिफ्लक्स समजून गोळ्या देत राहिले तर खरा आजार बाजूलाच राहतो, आणि झडप घट्ट करायचं ऑपरेशन केलं तर तो आणखी बिघडतो. म्हणून आधी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतल्या दाबाची मोजणी, आणि मग 24 तासांची पीएच-इम्पिडन्स तपासणी, म्हणजे किती ॲसिड आणि पाणी वर येतं त्याची नोंद.

तपासणीआधी मी जे काही समजून घेतलं, त्याने मला फार धीर आला, म्हणून थोडक्यात लिहिते. अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांबीची. वरच्या भागातले स्नायू हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे, खालच्या मोठ्या भागातले आतड्यासारखे, आपोआप चालणारे. गिळायला सुरुवात आपण करतो, पण एकदा घास घशापलीकडे गेला की पुढचं काहीच आपल्या हातात नसतं. आकुंचनाची एक लाट सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर वेगाने खाली जाते आणि आठ-दहा सेकंदांत जठरापाशी पोचते. लाट यायच्या आधीच खालची झडप सैल झालेली असते. घास आत गेला की ती पुन्हा आवळते. तिच्याभोवती श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या, स्नायूंचा वेढा असतो, त्यामुळे श्वास घेताना किंवा खोकताना पोटावर दाब आला तरी बाहेरून आणखी एक आवळण मिळते. हायटस हर्नियात जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो आणि हा वेढा झडपेपासून सुटतो. मग दोघांना एकेकटं लढावं लागतं.

सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही झडप काही न गिळताही मधूनमधून दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ सैल पडते, आणि हे निरोगी माणसातही होतं. जेवणाने जठर ताणलं गेलं की मेंदूकडे संदेश जातो आणि झडप उघडते, म्हणजे गिळलेली हवा ढेकर होऊन बाहेर पडते. रिफ्लक्सच्या पेशंटमध्ये हवेबरोबर पाणीही येतं. रिफ्लक्सचे बहुतेक प्रसंग असेच घडतात. भरपेट जेवल्यावर त्रास का वाढतो, याचं इतकं सरळ कारण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

तयारीतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे गोळी थांबवणं. माझ्यात रिफ्लक्स आहे हे अजून कुठल्याही तपासणीने सिद्ध झालेलं नव्हतं, त्यामुळे पीएचची तपासणी गोळीविना करायची होती, आणि त्यासाठी गोळी आठवडाभर आधी बंद ठेवावी लागते. बराच काळ घेतलेली गोळी अचानक थांबली की जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्तच ॲसिड करतं. तो आठवडा मी बसूनच झोपले. पातळ अँटासिड घ्यायची मुभा होती, तीही तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंतच. रक्तदाबाच्या किंवा छातीदुखीच्या काही गोळ्या आणि काही वेदनाशामकं अन्ननलिकेच्या स्नायूंवर परिणाम करतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आधीच मागवली होती. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारूनच करावं. तपासणीआधी सहा तास पोट पूर्ण रिकामं ठेवायचं होतं.

मॅनोमेट्रीला भूल देत नाहीत. भूल दिली की स्नायूंचं वागणंच बदलतं, मग मोजायचं काय? नाकपुडीत बधिर करणारी जेली लावली, ती घशात उतरली आणि कडवट चव आली. नळी साधारण चार मिलिमीटर जाडीची, लवचिक, आणि तिच्यावर एकेक सेंटिमीटरवर दाब मोजणारे 36 सेन्सर. तपासणी करणाऱ्या ताई शांत होत्या. त्यांनी मला ताठ बसवलं, हातात पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ दिली आणि नळी नाकातून सरकवायला सुरुवात केली. नाकात दुखण्यापेक्षा दाबच जास्त जाणवला. नळी घशाच्या मागच्या भिंतीला टेकली आणि जोराचा उमासा आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ताई म्हणाल्या, "हनुवटी छातीला लावा, घोट घ्या, गिळा. परत घोट घ्या, गिळा. थांबू नका." प्रत्येक घोटाला त्या नळी थोडी पुढे ढकलत होत्या. गिळताना वरची झडप उघडते आणि त्याच क्षणी नळी आत सरकते, हे समजल्यावर मी घोटांवरच लक्ष ठेवलं. घसा ओलांडला आणि उमासे जवळजवळ थांबले. नळी जठरापर्यंत गेल्यावर त्यांनी ती नाकावर चिकटपट्टीने बसवली आणि मला आडवं केलं.

त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. साधारण अर्धा मिनिट गिळायचं नाही, म्हणजे झडपेचा स्वतःचा, विश्रांतीतला दाब मोजता येतो. ऐकायला सोपं वाटतं, पण नाकात नळी असताना तोंडात लाळ सुटतच राहते आणि आवंढा गिळायची ऊर्मी आवरता आवरत नाही. पहिल्यांदा मला जमलं नाही. ताईंनी गालाखाली टिश्यू ठेवला आणि लाळ बाहेर येऊ द्या म्हणाल्या, मग जमलं.

मग पिचकारीने तोंडात पाच मिलिलिटर पाणी, एकदाच गिळायचं, आणि पुढच्या घोटापर्यंत अर्धा मिनिट पुन्हा शांत. असे 10 घोट. पडदा मला दिसेल असा होता आणि त्याबद्दल मी त्या ताईंची आजही ऋणी आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर नाकापासून जठरापर्यंतची लांबी, आणि नकाशात उंची दाखवतात तसे दाबाचे रंग: निळा म्हणजे कमी, मग हिरवा, पिवळा, लाल. वर एक आडवा पट्टा, घशाजवळच्या झडपेचा. खाली दुसरा, जठराजवळच्या झडपेचा. मी घोट गिळला की वरचा पट्टा क्षणभर तुटायचा, खालचाही फिका पडायचा, आणि मग वरून खाली तिरका रंगीत पट्टा उतरायला लागायचा. ती माझ्या अन्ननलिकेची लाट. दोन-तीन घोटांतच दिसलं की तो पट्टा वर ठीक सुरू होतो, मध्ये विरतो, आणि खाली पुन्हा दिसला तर फिकट हिरवा दिसतो. एका घोटाला तर खाली काहीच उमटलं नाही.

खालच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट होती. झडपेच्या पट्ट्याच्या किंचित खाली, प्रत्येक श्वासाबरोबर एक वेगळी रेघ उजळायची आणि मावळायची. ताईंनी एक खोल श्वास घ्यायला लावला, तशी ती रेघ झळकली. ते माझं श्वासपटल. झडपेचा पट्टा आणि ही रेघ एकाच जागी असायला हव्यात, त्यांच्यामध्ये निळी फट दिसत होती. एंडोस्कोपीच्या कागदावर दोन शब्दांत लिहिलेला हर्निया मी असा स्वतःच्या श्वासाबरोबर हलताना पाहिला.

पुढचा भाग डॉक्टरांच्या मते माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता. दोन-दोन मिलिलिटरचे पाच घोट, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने, भराभर गिळायचे. घोट एकामागून एक येत असतात तोवर अन्ननलिकेने गप्प राहायचं असतं आणि शेवटच्या घोटानंतर एक जोरदार लाट यायला हवी. हा एक प्रकारे स्नायूंचा राखीव जोर तपासणं आहे. पडदा निळा राहिला, मी पाचवा घोट गिळला, आणि मग वरून खालपर्यंत न तुटलेला पिवळा-लाल पट्टा उतरला. ताई काही बोलल्या नाहीत, निदान सांगणं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं, पण साध्या घोटांपेक्षा हे चित्र वेगळं आहे हे मलाही दिसलं. शेवटी उठून बसवून आणखी काही घोट आणि 200 मिलिलिटर पाणी एका दमात प्यायला दिलं, झडपेपाशी कुठे अडथळा येतो का ते पाहायला. नळी काढताना दीर्घ श्वास सोडायला सांगितला आणि ती सर्रकन बाहेर आली.

लगेच त्याच नाकपुडीतून दुसरी नळी, ही दोनेक मिलिमीटरची. हिचा ॲसिड मोजणारा सेन्सर खालच्या झडपेच्या वरच्या कडेपासून पाच सेंटिमीटर वर ठेवतात आणि ती कड नेमकी कुठे आहे हे मॅनोमेट्रीतूनच कळतं, म्हणून दोन्ही तपासण्या लागोपाठ. नळीचं दुसरं टोक खांद्याला अडकवलेल्या छोट्या यंत्राला जोडलेलं. जेवण, झोपणं आणि त्रास यांसाठी वेगवेगळी बटणं. "रोजच्यासारखंच जेवा, रोजच्यासारखंच वागा. त्रास होऊ नये म्हणून उपाशी राहिलात तर आम्हाला काहीच सापडणार नाही," असं बजावून सांगितलं.

या नळीची दुसरी करामत म्हणजे इम्पिडन्स. तिच्यावरच्या कड्यांमधून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह जातो. पाणी आलं की विजेला होणारा अडथळा कमी होतो, हवा आली की वाढतो. खालच्या कड्यापाशी आधी बदल झाला आणि मग वरच्या, तर काहीतरी पोटातून वर आलं. वरून खाली बदल झाला, तर आपण गिळलं. म्हणजे वर येणारं पाणी आंबट नसलं तरी पकडता येतं. गोळी चालू असताना बेचव पाणी वर येतं असं मी सांगायचे आणि लोक ते मनाचे खेळ समजायचे. तसलं पाणी मोजणारं यंत्र असतं, हे ऐकून मला फार हायसं वाटलं.

तो दिवस आणि ती रात्र काही सुखाची नव्हती. घशात सतत काहीतरी टोचतंय असं वाटायचं, घास गिळताना नळी हलायची, आणि बाहेर पडल्यावर लोक नाकाकडे बघायचे. पण बटणं मी प्रामाणिकपणे दाबली, प्रत्येक ठसक्याला आणि प्रत्येक वेळी घशाशी आल्यावर. ते गरजेचं असतं, कारण बटण दाबायच्या आधीच्या दोन मिनिटांत रिफ्लक्स झाला होता का, यावरून त्रासाचा आणि रिफ्लक्सचा संबंध ठरवतात. रिफ्लक्सशी संबंध नसलेली जळजळही असते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

रिपोर्ट घेऊन बसलो तेव्हा डॉक्टरांनी आधी पीएच दाखवला. पीएचचा आकडा जितका कमी, तितकं ॲसिड जास्त. अन्ननलिकेत पीएच चारच्या खाली राहण्याचा वेळ एकूण वेळेच्या 4 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो नॉर्मल धरतात, 6 टक्क्यांच्या वर गेला तर रिफ्लक्सचा आजार नक्की. मधल्या आकड्यांना आणखी पुरावे लागतात. पूर्ण दिवसाचे 6 टक्के म्हणजे जवळजवळ दीड तास. माझा आकडा त्याच्याही वर होता. त्याहून बोलका होता रात्रीचा आलेख. रात्री रिफ्लक्सचे प्रसंग दिवसापेक्षा कमी होते, पण एकेका प्रसंगानंतर ॲसिड खूप वेळ तिथेच मुक्काम ठोकून राहत होतं. वर आलेलं पाणी आधी लाटेने खाली ढकललं जातं आणि अस्तरावर उरलेलं ॲसिड गिळलेल्या लाळेने शमतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही थांबतं, आणि माझी लाट आधीच अशक्त. पहाटेचा ठसका आणि बसलेला आवाज यांचा अर्थ त्या एका आलेखात लागला.

मग मॅनोमेट्री. गिळताना झडप पूर्ण सैल होत होती, म्हणजे अकलेशिया नाही. लाटेचा जोर एका आकड्यात मोजतात, तो 450 च्या खाली गेला तर घोट कमजोर, 100 च्या खाली गेला तर फसलेला. शिकागो वर्गीकरणाच्या 2021 सालच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे 70 टक्क्यांहून जास्त घोट निष्फळ, म्हणजे कमजोर, मध्येच तुटलेले किंवा फसलेले असतील किंवा निम्मे तरी फसलेले असतील, तर अन्ननलिकेची हालचाल अपुरी आहे असं निदान करतात. मी पहिल्या अटीत बसले. पण भराभर घोटांनंतर आलेली ती जोरदार लाट डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली. स्नायूंमध्ये राखीव जोर आहे, ते निकामी झालेले नाहीत. ऑपरेशन झालंच तर नंतर गिळायला त्रास होण्याची शक्यता त्यामुळे कमी धरता येते, तरीही माझ्यासाठी पूर्ण गुंडाळीपेक्षा अर्धवट गुंडाळी बरी, असं त्यांचं मत पडलं.

लाट बळकट करणारं खात्रीचं औषध आज नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा न दाखवल्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मग हातात काय होतं, तर पाण्याला वर यायची संधी कमी देणं आणि आलेलं लवकर खाली जाऊ देणं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलली. नुसत्या उशा वाढवल्या तर कंबरेत वाकायला होतं आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपते, कारण त्या कुशीवर जठर झडपेच्या पातळीखाली राहतं. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, आणि बेताचं. जेवणानंतर अल्जिनेटचं औषध, ते जठरातल्या पाण्यावर तरंगणारा थर तयार करतं. शिवाय पोटाने श्वास घेण्याचा व्यायाम. श्वासपटलाचा वेढा त्याने सुधारतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि पडद्यावर ती झळकणारी रेघ पाहिल्यापासून मी हा व्यायाम मनापासून करते. गोळी एकाच वेळेवर आणली, बंद केली नाही.

गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, उलटीत रक्त किंवा काळी शी यांपैकी काही असेल तर यातलं काहीही करत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावेत.

रात्रीचा ठसका आता क्वचित लागतो आणि सकाळी आवाज मोकळा असतो. वाकल्यावर घशाशी येणं कमी झालंय, गेलेलं नाही. ते हर्नियाचं काम आहे आणि हर्निया व्यायामाने जागेवर येत नाही, हे मला माहीत आहे. ऑपरेशनचा विचार त्यामुळे बाजूला ठेवला आहे, सोडलेला नाही. तेव्हा मॅनोमेट्री पुन्हा करावी लागेल का, असं मी मागच्या भेटीत विचारलं. मध्ये बराच काळ गेला किंवा गिळताना अडकायला लागलं तर करू, असं डॉक्टर म्हणाले, आणि जुनी रंगीत चित्रं फाइलमध्ये जपून ठेवायला सांगितली, नव्या चित्रांशी ताडून बघायला.